बहाराचं औषध

संत्र्याच्या झाडाला आधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, की झाडानं मुकाट्यानं फुलावं, असा शेंदूरजनाघाटच्या बागवाल्यांचा हिशेब असतो. झाडाला तो ठाऊक असतोच असं नाही. त्या जानेवारीत चंदनच्या बगिच्यातल्या झाडांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं, पानं हिरवीगार केली आणि फुलाचं नाव काढेनात. शेजारच्या पंजाबरावांच्या झाडांवर पांढऱ्या कळ्या दिसायला लागल्या तशी चंदनच्या आईला, माणिकबाईला, घास गोड लागेना. दुसऱ्याचं झाड फुललेलं पाहायला फार मोठं मन लागतं, आणि माणिकबाईचं मन साधारण मापाचंच होतं.

शेवटी चंदननं बहाराचं औषध आणलं. पिवळट, तेलकट, पाच लिटरचा डबा. दुकानदार म्हणाला होता, "हे जहर नाही भाऊ, टॉनिक हाये. झाडाचं च्यवनप्राश समजा." कीटकनाशक फवारायचं असलं की माणिकबाई पोराच्या तोंडाला स्वतः फडकं बांधायची, हातपाय साबणानं धुतल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडू द्यायची नाही. टॉनिक म्हटल्यावर ते सगळं राहिलं. सकाळी तिनं झाकण उघडून वास घेतला.

"अव प्रतीक्षा, बदामाच्या तेलावानी वास येते व."

सुनेनंही वास घेतला. दोघी हसल्या. माणिकबाईनं झाकण लावलं आणि वर एक थाप मारली.

पंप आणि ड्रम बगिच्याच्या पार टोकाला होते. पाणी सोडल्यानं मधल्या वाटेवर चिखल, गाडी जाईना. प्रतीक्षानं जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर डबा घेतला आणि हात सोडून ती झपझप चालायला लागली. बारीक चणीची पण कामाला वाघीण होती ती. अकोल्याची, शहरातली पोरगी, पण चार वर्षांत चिखलातून डोक्यावर ओझं न्यायला अशी शिकली की माणिकबाईनंही मनातल्या मनात कौतुक करावं. तोंडावर करण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

ड्रमपाशी डबा उतरवला तेव्हा प्रतीक्षाचा आंबाडा ओला झाला होता. चुंबळ तर चिंब भिजली होती.

"झाकण ढिलं होतं वाटते, आत्याबाई. सारं डोकशावर सांडलं. घरी जाऊन नाहून येतो मी."

"आज सोमवार हाये."

"मंग?"

"मंग काय? सोमवारी सवाष्णीनं डोकशावरून पाणी घ्यायचं नाही. माया सासूनं मले घेऊ देलं नाही, मी तुले घेऊ देत नाही."

हा नियम कुठल्या पोथीत नव्हता. माणिकबाईच्या सासूनं तो घालून दिला होता, आणि सासू जाऊन वीस वर्षं झाली तरी तिची जरब गेली नव्हती. सोमवारी न्हालं की नवऱ्याच्या आयुष्यातलं कमी होतं, असं ती म्हणायची. माणिकबाईचा नवरा उत्तमराव सगळे सोमवार पाळूनही पन्नाशीत गेला, पण त्यावरून नियम खोटा ठरला असं काही माणिकबाईला वाटलं नाही. कुठंतरी आपलंच चुकलं असेल, असं तिला वाटायचं.

"चुरचुर करून राहिलं डोकं," प्रतीक्षा म्हणाली.

"तेलानं कोनी मरत नाही. उद्या नाहाजो."

प्रतीक्षानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. चंदन पंपाचा पट्टा बसवत होता. सासू-सुनेच्या मध्ये पडायचं नाही एवढी अक्कल त्याला होती, तेव्हा त्यानं पट्टाच बसवला. वारा गार होता. तिनं तीच चुंबळ सोडली, झटकली आणि कानावरून डोक्याला गुंडाळून घेतली.

चंदन पुढे फवाऱ्याची गन घेऊन फवारत होता, प्रतीक्षा मागून नळी ओढत होती, माणिकबाई ड्रमपाशी. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. मग नळी अडकायला लागली. चंदननं दोनदा हाक मारली. प्रतीक्षा एका झाडाला टेकून बसली होती.

"डोकं फुटून राहिलं," ती म्हणाली.

माणिकबाईला वाटलं, रुसली. बसू दे घटकाभर, असं म्हणून ती ड्रममध्ये काठी फिरवत राहिली. ही गोष्ट तिला पुढं फार छळणार होती. भाकरी सोडायची वेळ झाली तेव्हा ती सुनेला उठवायला गेली, आणि डोक्यावरचं फडकं मागं सारून तिनं तोंड पाहिलं. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. जांभळांचे तर ते दिवस नव्हते.

"चंदन! चंदन, इकडे ये रे बाप्पा!"

नखं पाहिली, तीही तशीच. हाताच्या तळव्यांवर राखेचा रंग. प्रतीक्षा धापा टाकत होती, पळून आल्यासारखी, आणि पळाली तर नव्हती. "मले दम पुरत नाही," एवढंच ती म्हणाली आणि ओकली.

पंजाबरावांनी आपली गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तपासायला रक्त ओढलं आणि सुई हातात धरून तो नुसता पाहत राहिला. माणिकबाईनंही पाहिलं. रक्त लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं. जिवंत माणसाच्या अंगातून असलं काही निघतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"ताबडतोब अमरावतीला न्या," डॉक्टर म्हणाला. एकशेआठची गाडी आली.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती पिली?"

"पेली नाही जी," माणिकबाई म्हणाली. "फवारून राहिलो होतो."

"सगळे असंच सांगतात, आजी. घरात काही झालं होतं का? भांडण वगैरे?"

विचारणारा वाईट माणूस नव्हता. त्या दरवाजातून रोज एखादी सून, एखादा बाप, एखादं कोवळं पोर असंच तोंडाला फेस घेऊन आत यायचं, आणि बरोबरचे लोक रोज हेच सांगायचे. त्यानं नाकातून नळी घातली आणि प्रतीक्षाचं पोट धुतलं. ती नळीशी झटत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन माणसांनी तिचे हात धरून ठेवले होते. नर्सनं कपडे बदलले, अंग पुसलं, आंबाडा हिरव्या टोपीत कोंबला. पोलीस चौकीचा जमादार येऊन चंदनला बाजूला घेऊन गेला. लग्नाला किती वर्षं झाली, मारतो का, माहेरून काही मागितलं होतं का. चंदन मान हलवत होता आणि माणिकबाई भिंतीला धरून उभी होती. आजूबाजूची माणसं तिच्याकडे पाहत होती. ही ती सासू, असं त्यांच्या डोळ्यांत सरळ वाचता येत होतं.

आणि मग तिच्याच मनात आलं, पेली तर नसेल? सोमवारावरून आपण बोललो, तोंड पाडून गेली. झाडाआड बसली तेव्हा जवळ कोण होतं? असा विचार केला म्हणून तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, तरी विचार जाईना.

डॉक्टर तायडे मॅडम आल्या त्या घाईत. खाटेशेजारच्या यंत्रावरचा आकडा त्यांनी पाहिला. प्राणवायूचा मास्क पूर्ण सोडलेला होता, तरी आकडा पंच्याऐंशीवर अडून बसला होता.

"काय फवारत होतात? डबा आणलाय?"

डबा बगिच्यातच राहिला होता. पंजाबराव परत गेले होते, त्यांनी डब्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. मॅडमनी तो बोटांनी मोठा करून वाचला. मग त्यांनी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर प्रतीक्षाच्या रक्ताचा एक थेंब टाकला, शेजारी दुसऱ्या रोग्याच्या रक्ताचा. तो लालभडक झाला. हिचा तपकिरी तो तपकिरीच राहिला.

"हे बघा," त्या चंदनला म्हणाल्या, "हवेतला प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे रक्ताचं काम. या औषधानं हिचं रक्त ते काम विसरलंय. आपण नाकातून कितीही प्राणवायू दिला तरी उचलणारं कोणी नाही."

"मंग?"

"एक इंजेक्शन आहे, निळ्या रंगाचं. ते रक्ताला पुन्हा कामाला लावतं. पण आमच्याकडचं संपलंय. शहरात शोधायला लावलंय."

शहरात मिळालं नाही. चंदन ऑटो करून या दुकानातून त्या दुकानात फिरला. निळं इंजेक्शन म्हटल्यावर एकानं त्याला माशांच्या टाकीचं औषध काढून दिलं. चंदन ते घेऊनही आला असता, दुकानातल्याच एका म्हाताऱ्यानं त्याला वेळेवर थांबवलं. अखेर मॅडमच्या ओळखीनं अकोल्यात सापडलं. आणि अकोल्याहून निघायला एक माणूस तयारच होता. प्रतीक्षाचा भाऊ, कुलदीप.

मॅडम फोनवर त्याला विचारत होत्या, "तुमच्या घरात कुणाला मलेरियाच्या गोळ्यांनी काळी लघवी झाली होती का? कावीळ? नीट आठवून सांगा. काही घराण्यांना हे इंजेक्शन उलटतं." माणिकबाईनं ते ऐकलं. म्हणजे औषधसुद्धा मारू शकतं. पलीकडून नाही असं उत्तर आलं.

कुलदीप आला तेव्हा दिवस बुडत होता. थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात त्यानं त्या कुप्या आणल्या होत्या. बर्फाची काही गरज नव्हती, पण त्याला जे सुचलं ते त्यानं केलं होतं. कुप्या नर्सच्या हातात देऊन तो माणिकबाईसमोर उभा राहिला.

"काय केलं तुमी माया बहिणीले, मावशी?"

"काई नाही केलं, बाप्पा."

"मंग थे थ्या खाटेवर काहून पडली हाये?"

नर्सनं पहिली कुपी फोडली तशी दोघंही तिकडे वळली.

निळं औषध सलाईनच्या नळीतून हळूहळू शिरलं. शाईसारखा निळा रंग शिरेत जाताना पाहून माणिकबाईनं डोळे मिटले. आधीच निळी पडलेली पोरगी, तिला आणखी निळं काय पाजतात, हे तिच्या डोक्यात शिरेना. पण उघडून पाहिलं तेव्हा आकडा हलला होता. नव्वद. मग त्र्याण्णव. ओठांवरचा काळा रंग निवळायला लागला. प्रतीक्षानं डोळे उघडून भावाला ओळखलं. कुलदीप तोंड फिरवून रडला. थोड्या वेळानं लघवीची पिशवी हिरवीनिळी झाली तेव्हा माणिकबाई किंचाळली, आणि नर्सनं तिला हात धरून बसवलं. "औषधाचा रंग आहे, आजी. चांगलं आहे ते."

रात्र कशीबशी बाकावर सरली. सकाळी माणिकबाई आत डोकावली, आणि ओठ परत जांभळे दिसले.

आधी तिला आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. मग आकडा पाहिला. अठ्ठ्याऐंशी. तिच्या पाहण्यात तो सत्त्याऐंशी झाला. प्रतीक्षा हाकेला ओ देत नव्हती, नुसती खाली-वर छाती हलत होती.

मॅडम आल्या. चंदन, कुलदीप, मागं जमादार. सगळे खाटेभोवती.

"दुसरा डोस देता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण असे देत नाही राहता येत. जास्त झालं की हेच औषध हाच त्रास करतं. काल पोटातून तर काही निघालंच नाही. तरी आज पुन्हा चढतंय. म्हणजे विष कुठून तरी अजून आत जातंय. हे कातडीतून जातं, तेलकट असल्यानं चिकटून राहतं. अंगावर कुठं सांडलं होतं का?"

"कपडे कालच बदलले मॅडम, अंग पुसलं," नर्स म्हणाली.

"मले तर नाही दिसलं," चंदन म्हणाला. दिसलं नव्हतं हे खरं; तो पंपाचा पट्टा बसवत होता, आणि कानावर पडलेलं सासू-सुनेचं बोलणं त्यानं तेव्हाच सोडून दिलं होतं.

कातडीतून. काल सकाळपासून माणिकबाई ज्याला तेल म्हणत होती ते रात्रभर त्या टोपीखाली पोरीच्या डोक्यात मुरत होतं. समोर कुलदीप होता, मागं जमादाराची काठी होती. बोललो तर काय होईल हे तिला दिसत होतं. पोराच्या हातात बेड्या दिसत होत्या, गावभर स्वतःचं नाव दिसत होतं. यंत्रावर शहाऐंशी झाले.

"डोकशावर," ती म्हणाली.

"काय?"

"डोकशावर सांडलं होतं. डबा डोकशावर आणला तिनं. झाकण म्या लावलं होतं, ढिलं राह्यलं. थे म्हणे नाहून येतो. म्या नाहू नाही देलं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "सोमवार होता."

कुलदीपनं काही म्हणायला तोंड उघडलं, पण मॅडमनी तोवर हातमोजे चढवून टोपी काढली होती. आंबाडा सोडला तसा बदामाचा वास खोलीभर झाला. केस चिकट होते. आठवड्याचं खोबरेल आणि त्यात ते औषध, दोन्ही एकजीव होऊन बसलेलं.

"केस काढा. आत्ताच्या आत्ता," मॅडम म्हणाल्या. "धुवत बसलो तर ओघळ अंगभर जातील, आणि मास्क मी काढू देणार नाही. आधी केस, मग डोकं साबणानं. घरच्यांनी हो म्हणा."

कुणी हो म्हणेना.

कुलदीप म्हणाला, "पूर्न केस? मॅडम, तिचा नवरा जिता हाये." शहरात राहणारा, कंपनीत नोकरी करणारा तो पोरगा, पण हे बोलताना त्याचा आवाज गावच्या म्हाताऱ्यासारखा झाला. त्यानं चंदनकडे पाहिलं. चंदननं आईकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

माणिकबाईच्या माहेरी तिच्या चुलतीचे केस तापात काढले होते, आणि वर्ष उलटायच्या आत चुलता विहिरीत पडला होता. दारू पिऊन पडला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण बाया बोलायच्या त्या केसांबद्दलच, आणि लहानपणी ऐकलेलं ते माणिकबाईच्या हाडांत बसलं होतं. सवाष्णीचे केस उतरवणं म्हणजे नवऱ्याला हाताला धरून मरणाच्या वाटेला लावणं. आणि हिचा नवरा म्हणजे तिचा पोरगा. एकुलता एक, दोन गर्भ गेल्यावर नवसानं झालेला. तो समोर उभा होता, चुरगळलेला सदरा, दाढी वाढलेली. तिला त्याच्याकडे पाहवेना आणि त्याच्यावरून नजर काढवेना. मागून यंत्र टिंग टिंग वाजायला लागलं.

"काढा," माणिकबाई म्हणाली.

"आई..." चंदन म्हणाला.

"तू बाहेर जाय. तू पाहू नको." मग ती मॅडमकडे वळली. "मी सासू हाये तिची. मी सांगतो. काढा, बाई, लवकर काढा!"

कात्री चालली. नर्सनं माणिकबाईला जवळ येऊ दिलं नाही, म्हणून ती पायथ्याशी सुनेची पावलं धरून उभी राहिली. लांबसडक केस झुपक्याझुपक्यानं पिशवीत पडत होते. प्रत्येक झुपक्याबरोबर ती तोंडातल्या तोंडात देवाला सांगायची की हे माझं, हे माझ्या खात्यावर, पोराला धरू नको. कुलदीप धावत जाऊन साबण घेऊन आला. नर्सनं डोकं ओल्या कापडानं तीनतीनदा धुतलं, कानामागं, मानेवर. उघडं झालेलं ते डोकं एवढंसं दिसत होतं, लहान पोरासारखं. मग दुसरी निळी कुपी फोडली.

आकडा लगेच चढला नाही. माणिकबाईला वाटलं, आता दोघंही गेली. पोरगीही गेली आणि पोरगाही गेला, सगळं आपल्याच हातानं. ती खाली बसली. कितीतरी वेळानं कुलदीप तिच्याशेजारी येऊन बसला.

"मावशी, चढून राहिला," तो म्हणाला. "ब्याण्णव झाला."

त्या दिवशी आकडा परत उतरला नाही. मॅडम संध्याकाळी म्हणाल्या, अजून दोन दिवस डोळ्यात तेल घालून पाहू, पण पोरगी हातची जात नाही आता. जमादारानं प्रतीक्षाच्या तोंडून दोन वाक्यं लिहून घेतली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्क उतरवून नाकात बारीक नळी ठेवली. प्रतीक्षाचे ओठ ओठांच्या रंगाचे झाले होते. थोडा चहा चालेल, असं नर्स म्हणाली, आणि चंदन खूश होऊन आणायला निघाला. चहाची गाडी रस्त्याच्या पलीकडे होती.

"थांब, मी जातो," माणिकबाई म्हणाली आणि खाटेच्या कडेला धरून उठायला लागली.

"तू कोठी जातं, आई? बस इथं." तो हसून गेलासुद्धा.

माणिकबाई खिडकीशी गेली. खाली रस्ता भरून वाहत होता. ऑटो, मोटरसायकली, क्लासला निघालेली पोरं, त्यांत एक ट्रक. तिनं गजांना दोन्ही हातांनी धरलं.

मागं हालचाल झाली. प्रतीक्षाचा हात उशीवरून वर गेला होता आणि डोक्यावर थांबला होता. बोटं हळूहळू फिरली, इकडून तिकडे.

"कोनी सांगतलं कापाले?"

"म्या."

प्रतीक्षाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी तुमाले माफ नाही केलं, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज नळीनं सोलवटलेला होता. "झाकणाचंबी माफ नाही. नाहू नाही देलं त्याचंबी नाही."

"नोको करू."

"हे कोठी गेले?"

"चहा आणाले. रस्त्याच्या तिकडे."

डोक्यावरचा हात तसाच राहिला. प्रतीक्षाही अशाच घरात, अशाच बायांच्या गोष्टी ऐकत वाढली होती. माणिकबाईनं वळून पाहिलं, आणि आपल्या पोटात जी भीती होती तीच तिला सुनेच्या डोळ्यांत दिसली.

"तिथून रस्ता दिसते का?" प्रतीक्षानं विचारलं.

"दिसते."

"मंग इकडे नका पाहू. तिकडे पाहा."

माणिकबाई परत गजांना भिडली. गाडीवर गर्दी होती. एक पांढरा सदरा दिसला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला.

"दिसले का?"

"नाही अजून."

खाली कुठंतरी करकचून ब्रेक लागला. खाटेवर प्रतीक्षाचा श्वास अडकल्याचा आवाज आला. माणिकबाईनं टाचा उंचावल्या.

"आत्याबाई?"

"दिसला. रस्त्याच्या मधात हाये," माणिकबाई म्हणाली, आणि डोळे न मिटता पाहत राहिली.